मुरण्याची किंमत कोण मोजतं?

उत्तर इटलीत रेज्जो एमिलिया नावाचं शहर आहे. त्या भागातल्या क्रेदितो एमिलियानो बँकेच्या गोदामात फळ्यांच्या रांगा पार छतापर्यंत गेलेल्या दिसतात आणि प्रत्येक फळीवर चीजची सोनेरी चाकं ओळीने मांडलेली असतात. एकेक चाक चाळीस किलोच्या घरातलं, आणि अशी लाखो चाकं. ही सगळी बँकेकडे तारण म्हणून आलेली आहेत. आपल्याकडे बांगड्या गहाण ठेवून पेरणीला पैसे उचलतात, तसा तिथला चीज करणारा चीज ठेवून कर्ज उचलतो. १९५३ पासून ही बँक असं कर्ज देते आहे. बांगडी तिजोरीत टाकली की तिच्याकडे बघावं लागत नाही. चीजकडे बघावं लागतं. ठरावीक दिवसांनी प्रत्येक चाक उतरवायचं, घासून साफ करायचं, उलटं करून परत ठेवायचं, गोदामातली हवा आणि ओल सांभाळायची. गोदामाची माणसं हे नेमाने करतात, कारण तारण नासलं तर कर्जही बुडालं. आणि नीट सांभाळलं तर मुदत संपेपर्यंत त्या तारणाची किंमत वाढलेली असते. तोवर चीज मुरलेलं असतं.

मुरणं हा शब्द मराठीत फार नेमका आहे. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, कामात माणूसही मुरतो. इटलीतल्या जुन्या पद्धतीच्या कितीतरी पदार्थांची चव या एका शब्दात आहे. पण मुरायला वेळ लागतो, आणि त्या वेळात दुधाचं बिल, मजुरी, विजेचा खर्च यातलं काहीच थांबत नाही. इटलीच्या छोट्या उत्पादकांबद्दल आपण वाचतो ते बहुधा आजीच्या पाककृती, डोंगरातलं गाव, पिढ्यान्‌पिढ्यांची कला असं असतं. ते खरंही आहे. पण ती कला आजपर्यंत टिकली, कारण मधल्या काळाचा खर्च कुणीतरी उचलला. कुठे बँकेने, कुठे शेतकऱ्यांच्या सोसायटीने, कुठे कायद्याने, कुठे घरच्यांनी. आणि जिथे कुणीच उचलत नाही, तिथे आज काय होतंय तेही बघण्यासारखं आहे.

चाळीस किलोंचं गणित

या चीजचं नाव पार्मिज्यानो रेज्ज्यानो. पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे तीन प्रांत, बोलोन्याचा रेनो नदीच्या पश्चिमेकडचा भाग आणि मांतोव्हाचा पो नदीच्या दक्षिणेकडचा भाग, एवढ्याच टापूत ते करता येतं. करणारे सुमारे तीनशे छोटे-मोठे कारखाने आहेत. त्यातले बरेचसे आपल्या तालुक्याच्या दूध संघाहूनही लहान.

संध्याकाळचं दूध उथळ हौदांत रात्रभर ठेवतात. सकाळपर्यंत साय वर येते, ती काढून घेतात. उरलेल्या दुधात सकाळचं ताजं, सायीसकट दूध मिसळतात आणि उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढईत ओततात. दूध तापवून निर्जंतुक केलेलं नसतं, कच्चंच असतं. काल चीज करताना उरलेलं पाणी राखून ठेवलेलं असतं, ते त्यात विरजण म्हणून पडतं. घरी कालच्या दह्याने आजचं दूध विरजतो, तेच हे. मग रेनेट घालतात, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं दूध आळवणारं द्रव्य. शाकाहारी वाचकांसाठी इथेच स्पष्ट सांगायला हवं: खरं पार्मिज्यानो शाकाहारी नसतं आणि त्याच्या नियमात दुसरं रेनेट चालत नाही. हिरव्या ठिपक्याचं ‘पार्मेझान’ दुकानात मिळालं तर ते खुशाल खावं, फक्त ते वेगळं चीज आहे हे ठाऊक असावं.

दहा-बारा मिनिटांत दूध आळतं. तारांच्या मोठ्या रवीने ते मोडत मोडत तांदळाच्या कण्यांएवढं बारीक करतात, ५५ अंशांच्या आसपास तापवतात आणि हात थांबवतात. कण्या तळाशी बसून एकमेकींना चिकटतात. पाऊणएक तासाने काझारो, म्हणजे चीज करणारा कारागीर, लाकडी फळीने तो बसलेला गोळा अलगद सैल करतो. दोघं मिळून त्याच्याखाली कापड सरकवतात, चारी टोकं धरून वर ओढतात, आणि धुरकट पाण्यातून एक पांढरा जड गोळा निथळत वर येतो. सुरीने त्याचे बरोबर दोन भाग करतात. या दोन भागांना तिथे जुळे म्हणतात. एका कढईतून दिवसाला हे दोनच. पुढे साच्यात आकार, मग वीसएक दिवस मिठाच्या पाण्यात, आणि मग फळीवर. कमीत कमी बारा महिने. बहुतेक चांगलं चीज चोवीस महिने, काही त्याहून जास्त.

आता हिशेब करू. समजा एक कारखाना रोज पाच कढया लावतो, म्हणजे दहा चाकं. गाईला रविवार नसतो, त्यामुळे कारखानाही वर्षाचे ३६५ दिवस चालतो. वर्षाला ३,६५० चाकं झाली. चोवीस महिने मुरवायचं तर गोदामात कायम ७,३०० चाकं उभी. एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं. म्हणजे चाळीस लाख लिटर दुधाचे पैसे या ना त्या मार्गाने गुंतलेत, आणि गिऱ्हाइकाकडून अजून दमडीही आलेली नाही. कोणताही लहान धंदा या ओझ्याखाली वर्षभरात बसेल. सुरुवातीला सांगितलेल्या बँकेचं महत्त्व इथे कळतं. ती बँक दानधर्म करत नाही, व्याज घेते. पण चाक गोदामात उभं असतानाच काझारोच्या हातात पैसे येतात, आणि त्याला कच्चं चीज घाईने विकावं लागत नाही.

दुसरा आधार सहकाराचा. यातले बरेच कारखाने दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्याच मालकीचे आहेत. दूध घातल्यावर काही रक्कम उचल म्हणून मिळते आणि चीज विकल्यावर पक्का हिशेब होतो. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पहिली उचल आणि अंतिम भाव ही भाषा तो जन्मापासून ऐकतो. फरक असा की आपला हंगाम काही महिन्यांत संपतो, तिथे अंतिम हिशेबासाठी चीज मुरेपर्यंत थांबावं लागतं. थांबण्याचा भार शेकडो घरांत वाटला गेला की कुणा एकाची पाठ मोडत नाही.

बारा महिने झाले की परीक्षा. तपासनीस येतो, त्याच्या हातात छोटीशी हातोडी असते. तो चाकावर ठिकठिकाणी हलकेच ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. आत भेग असेल, पोकळी असेल, तर आवाज बदलतो. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तेच कौशल्य, फक्त इथे एका टिचकीवर वर्षभराच्या कष्टांचा निकाल असतो. पास झालेल्या चाकाला डाग देऊन शिक्का मारतात. नापास चाकाच्या कडेवर उठवलेलं नाव खरवडून काढतात. मग ते चीज म्हणून विकलं जातं, पण पार्मिज्यानो म्हणून नाही.

नियमांची यादी मोठी आहे, आणि लांबून बघणाऱ्याला ती हट्टी वाटू शकते. त्यातला एक नियम उलगडून बघितला तर मात्र त्यामागचं शहाणपण दिसतं. या गाईंना मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा, घालता येत नाही. मुरघासात काही जिवाणूंचे बीजकण असतात, ते दुधात उतरतात आणि काही महिन्यांनी चीजच्या पोटात वायू करून ते फुगवतात, फोडतात. शेजारच्याच भागात होणाऱ्या ग्राना पादानो या चीजमध्ये मुरघास चालतो, पण मग ते फुगू नये म्हणून अंड्यातून मिळणारं लायसोझाइम नावाचं द्रव्य घालण्याची मुभा आहे. पार्मिज्यानोवाल्यांनी दुसरी वाट धरली. चारा सुका आणि हिरवा, बहुतेक त्याच टापूतला, आणि चीजमध्ये दूध, मीठ, रेनेट यापलीकडे काही नाही. चारा महाग पडतो, त्यामुळे दूध महाग पडतं. परंपरा जपायची म्हणजे काय करायचं, याचं उत्तर पुष्कळदा इतकं साधं असतं: सोपा उपाय हाताशी असताना तो वापरायचा नाही, आणि त्याचा खर्च सोसायचा.

हा सगळा डोलारा किती नाजूक आहे ते २०१२ च्या मे महिन्यात दिसलं. २० आणि २९ तारखेला एमिलियात भूकंप झाले. माणसं दगावली, घरं पडली, आणि गोदामांतल्या उंच मांडण्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या एकमेकींवर कोसळल्या. लाखो चाकं खाली आली. फुटलेलं चाक पुढे मुरवता येत नाही, ते लगेच खपवावंच लागतं. मोदेनाचा नामवंत शेफ मास्सिमो बोत्तुरा याने तेव्हा रोमच्या जुन्या पास्त्याच्या धर्तीवर, चीज आणि मिरी एवढंच घालून केलेला भात लोकांना सुचवला, म्हणजे घरोघर पार्मिज्यानो संपेल. लोकांनी ते चीज खरोखर विकत घेतलं. इटलीतून घेतलं, परदेशातून घेतलं. मला या हकिगतीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्या वेळी लोकांना काय खावं आणि का खावं, हे दोन्ही सांगितलं गेलं.

आणखी एक गोष्ट या लेखातून राहता कामा नये. पहाटे उठून या गाईंचं दूध काढणारे, गोठे धुणारे हात कुणाचे आहेत? पो नदीच्या खोऱ्यात गेली काही दशकं हे काम मोठ्या प्रमाणात पंजाबातून गेलेली माणसं करतात. रेज्जो एमिलियाजवळच्या नोव्हेल्लारा गावात मोठा गुरुद्वारा आहे. २००० साली त्याचं उद्घाटन झालं तेव्हा युरोपियन आयोगाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी हजर होते. स्थानिक तरुणांनी दिवसातून दोनदा, सणवार न बघता करायचं हे काम सोडलं, तेव्हा ते होशियारपूर-जालंधरकडच्या जनावरं जाणणाऱ्या माणसांनी उचललं. इटलीची परंपरा टिकवणाऱ्यांची नावं घेताना ही माणसंही त्यात मोजायला हवीत.

नाव राखणं

आता कायद्याचा भाग, थोडक्यात. चोवीस महिने थांबणाऱ्याचं चीज आणि चार महिन्यांत बाजारात येणारं चीज एकाच नावाने विकलं गेलं, तर थांबणारा हरणार हे उघड आहे. म्हणून पार्मिज्यानोच्या उत्पादकांनी १९३४ मध्येच आपला संघ उभारला. १९९२ मध्ये युरोपने भौगोलिक नावांचा कायदा केला. त्यात दोन शिक्के आहेत. डीओपी म्हणजे कच्चा माल, प्रक्रिया, मुरवणं, सगळं त्याच टापूत. आयजीपी म्हणजे यातला निदान एक टप्पा तिथला. दुकानात इटालियन डबा हातात घेताना लाल-पिवळा गोल शिक्का दिसला तर डीओपी, निळा-पिवळा दिसला तर आयजीपी. २००८ मध्ये युरोपच्या न्यायालयाने जर्मनीविरुद्धच्या खटल्यात ‘पार्मेझान’ हे कुणीही वापरावं असं सामान्य नाव झालं असल्याचं मानायला नकार दिला. युरोपात त्या नावाखाली आता दुसरं चीज विकता येत नाही. अमेरिकेत येतं.

आपल्याकडचा जीआय, म्हणजे भौगोलिक नावांचाच, कायदा १९९९ चा आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळाला, तरी वाशीच्या बाजारात दुसरीकडचा आंबा हापूस म्हणून विकला जातो ही तक्रार दर मोसमात ऐकू येते. नाव मिळवणं हा पहिला टप्पा. पुढे प्रत्येक नगावर खूण, प्रत्येक उत्पादकाची तपासणी, आणि नक्कल दिसली की कोर्टात जायला पैसे, हे रोजचं काम आहे. पार्मिज्यानोच्या प्रत्येक चाकावर त्याचा क्रमांक असतो. कढईपर्यंत माग काढता येतो.

हा शिक्का किती बारीक काम करू शकतो त्याचा एक नमुना बघा. रेज्जोची मूळची लाल गाय, रेज्ज्याना. दूध कमी देते म्हणून शेतकऱ्यांनी ती सोडून काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गाई आणल्या. १९८० च्या दशकात रेज्ज्याना हजाराच्याही खाली आली. मग काही शेतकऱ्यांनी फक्त तिच्या दुधाचं पार्मिज्यानो वेगळं काढलं, निदान चोवीस महिने मुरवायचं ठरवलं आणि वेगळ्या खुणेने, चढ्या भावाने विकलं. गाय आज हजारोंनी आहे. केवळ अनुदानावर तिला जगवलं असतं तर ती संग्रहालयातल्यासारखी जगली असती. आज ती गोठ्यात आहे, कारण तिच्या कमी दुधाला जास्त दाम मिळतो.

माळ्यावरची पिंपं

मोदेनात जुन्या घरांच्या माळ्यावर लाकडी पिंपांची उतरंड असते. मोठं, त्याहून लहान, त्याहून लहान, अशी पाच-सात. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर, वेगवेगळ्या लाकडांची. द्राक्षाचा रस उघड्या भांड्यात तासन्‌तास आटवतात, आपल्या गुऱ्हाळात काकवी होते तसा तो दाट आणि काळसर होतो. तो या पिंपांत भरतात. उन्हाळ्यात माळा तापतो, पाणी उडून जातं. हिवाळ्यात थंडीने सगळं निवळून बसतं. वर्षातून एकदा सगळ्यात लहान पिंपातून थोडंसंच काढतात, ते त्याच्या मागच्या पिंपाने भरून घेतात, त्याला त्याच्या मागच्याने, आणि सगळ्यात मोठ्यात नवा आटवलेला रस. असं कमीत कमी बारा वर्षं. उत्तम प्रतीचं पंचवीस वर्षं. घरात मूल जन्मलं, विशेषतः मुलगी, की तिच्या नावाने नवी उतरंड लावायची जुनी रीत आहे; लग्नात ती तिच्याबरोबर जायची.

हे आचेतो बाल्सामिको त्रादित्सिओनाले, म्हणजे पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर. मोदेनाचं हे व्हिनेगर एकाच आकाराच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत मिळतं. ती बाटली मोटारींची रेखाटनं करणाऱ्या ज्युजारो यांनी आखलेली आहे. बाटली भरण्याआधी जाणकार ते चाखून पास करतात. घटकांच्या जागी एकच नाव असतं: आटवलेला द्राक्षरस.

सुपरमार्केटात तीन-चारशे रुपयांना जे ‘बाल्सामिक व्हिनेगर ऑफ मोदेना’ मिळतं ते याच्याशी नाव सांगतं, पण जात वेगळी. त्यात वाइनचं व्हिनेगर असतं, द्राक्षरस असतो, रंगासाठी थोडं कॅरमेल चालतं आणि मुरवण्याची किमान मुदत आहे ६० दिवस. २००९ पासून त्यालाही आयजीपी आहे. ते वाईट नाही, सॅलडवर छान लागतं. पण साठ दिवस आणि बारा वर्षं यांची नावं इतकी सारखी असावीत, हे मला पटत नाही. इथे कायद्याने छोट्या उत्पादकाला अर्धंच संरक्षण दिलं असं माझं मत आहे.

मग बारा वर्षांचा खर्च इथे कोण सोसतं? मुख्यतः घर. पुष्कळ कुटुंबांत पोटापाण्याचा धंदा दुसराच असतो आणि माळ्यावर पिंपं मुरत असतात. आजोबांनी भरलेलं नातवाने काढायचं. यात प्रेम आहे, चिकाटी आहे, पण एक अट आहे: घर विकलं जाता कामा नये आणि नातवाला माळा चढायची हौस असली पाहिजे.

संगमरवरातली चरबी

टस्कनीत करारा हे संगमरवराचं गाव. मिकेलांजेलोने दगड नेला तो याच डोंगरांतून. त्याच्या वरच्या अंगाला कोलोन्नाता नावाची चिमुकली वस्ती आहे, खाणकामगारांची. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला भरपूर ताकद देणारं आणि कामाच्या जागी नेता येईल असं खाणं हवं होतं. त्यांनी डुकराच्या पाठीची चरबी मुरवून ती पावावर घालून खाल्ली, सोबत कांदा-टोमॅटो. गरिबाचं खाणं. मुरवायची बरणी म्हणजे संगमरवराचीच कुंडी. कुंडीला आतून लसूण चोळायचा, मग चरबीचा थर, समुद्री मीठ, मिरी, रोझमेरी, लसूण, पुन्हा चरबी, असे थर लावत वर संगमरवराचंच झाकण. मीठ चरबीतलं पाणी ओढून घेतं आणि कुंडीत आपोआप खारवणी तयार होते. सहा महिने किंवा जास्त. दगडाच्या गारव्यात ती पांढरी, किंचित गुलाबी, जिभेवर विरघळणारी होते. दगडाच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत लोणचं घालून वर मिठाचा थर देणाऱ्या घराला यातलं तर्कशास्त्र लगेच कळेल: मीठ, गारवा, आणि हवा आत जाऊ न देणं.

२००० साली आरोग्य खात्याच्या पथकाने इथल्या काही कुंड्यांना सील ठोकलं. नव्या स्वच्छता नियमांप्रमाणे अन्न ज्या पृष्ठभागाला लागतं तो गुळगुळीत, न शोषणारा, धुता येणारा हवा. संगमरवर सच्छिद्र. तळघराच्या भिंती दगडी. कागदावर सगळंच चुकीचं. खात्याची माणसं दुष्ट होती असं समजायचं कारण नाही. तो नियम मोठ्या कारखान्यांसाठी लिहिलेला होता आणि तो तळघराला लावला गेला. पण स्टीलची भांडी, टाइल्स, शीतगृह, प्रयोगशाळेचे अहवाल हा खर्च शंभर टन करणाऱ्याला किरकोळ असतो आणि एक टन करणाऱ्याला बुडवणारा. लहान उत्पादक बंद पडतो तो बऱ्याचदा या कारणाने. चव वाईट म्हणून नव्हे, गिऱ्हाईक नाही म्हणूनही नव्हे.

इथे मदतीला आली स्लो फूड चळवळ. १९८६ मध्ये रोमच्या स्पॅनिश स्टेप्सजवळ मॅकडॉनल्ड्स उघडलं तेव्हाच्या निषेधातून तिची सुरुवात झाली. प्येमोन्तेतल्या ब्रा गावचे कार्लो पेत्रीनी तिचे प्रवर्तक. कोलोन्नाताच्या चरबीला त्यांनी आपल्या प्रेसिदियो योजनेत घेतलं. प्रेसिदियो म्हणजे शब्दशः चौकी, गढी. एखादा पदार्थ संपत आला की त्याच्या उरलेल्या उत्पादकांना एकत्र आणायचं, पद्धत लिहून काढायची, तांत्रिक सल्ला द्यायचा आणि योग्य भाव देणारं गिऱ्हाईक शोधायचं. चरबीच्या तपासण्या झाल्या, बाजू मांडली गेली, वर्तमानपत्रांत गाजलं. २००४ मध्ये कोलोन्नाताला आयजीपी मिळालं आणि संगमरवरी कुंडी नियमातच लिहिली गेली. जी कुंडी दोष ठरली होती ती अट झाली. पुढे युरोपच्या स्वच्छता नियमांतही पारंपरिक पद्धतीच्या पदार्थांसाठी, त्यांच्या गुहा-तळघरांसाठी आणि लाकडी-दगडी साधनांसाठी सवलत देण्याची सोय झाली.

या यशाला दुसरी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. गाजलं तशी नक्कल वाढली, मागणी वाढली, भाव चढला. जे खाणकामगाराचं शिदोरीचं खाणं होतं ते चांगल्या हॉटेलात पातळ कापांत येऊ लागलं. पदार्थ वाचला, तो ज्यांचा होता त्यांच्या खिशाबाहेर गेला. यावर सोपा उपाय मला दिसत नाही. छोट्या उत्पादकाला पुरेल असा भाव मिळाला पाहिजे आणि गरिबाला खाता आलं पाहिजे, या दोन्ही गोष्टी एकाच चरबीच्या तुकड्यातून निघत नाहीत.

जे कुंडीत मुरत नाही, हातात मुरतं

आतापर्यंतच्या सगळ्या पदार्थांत वेळ वस्तूत साठत होता. चाक गहाण ठेवता येतं, पिंप वारसाने देता येतं, कुंडीला सील लावता येतं आणि काढताही येतं. पण काही पदार्थांत वेळ माणसाच्या हातात साठतो. तो हात थांबला की सगळं थांबतं.

बारी हे दक्षिण इटलीतलं बंदर. तिथल्या जुन्या वस्तीत आर्को बास्सो गल्ली आहे, घरांच्या दारात बायका पाट मांडून ओरेक्येत्ते नावाचा पास्ता करतात. रव्याच्या कणकेची लांब वळी, तिचा सुरीने तुकडा, सुरीच्या पात्याने तो ओढून अंगठ्यावर उलटा: कानाच्या आकाराची वाटी. लग्नघरात गव्हले, मालत्या, नखुल्या वळणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही बोटांची लय ओळखीची वाटेल. आपल्या वळवटाची ही सख्खी बहीणच. २०१९ मध्ये तपासणी पथकाला एका रेस्टॉरंटमध्ये तीनेक किलो ओरेक्येत्ते सापडले, ज्यांच्या पिशवीवर कुठून आले याची नोंद नव्हती. ते फेकायला लावले, दंड केला. माग काढता यायला हवा हा नियम. घरगुती गिऱ्हाइकाला पिशवीभर विकणं चालून जातं, पण रेस्टॉरंटला द्यायचं तर टोपी, जाळी, परवाना, पावती, लेबल. सत्तरीतल्या बाईने हे करावं ही अपेक्षा कुठल्या अंगाने बरोबर आहे? कोलोन्नाताच्या कुंडीसाठी नियमाला वळण दिलं गेलं. या पाटासाठी तसं वळण मला दिसत नाही, आणि माझ्या मते ते द्यायला हवं: थोडक्या प्रमाणात घरी करणाऱ्यांसाठी साधी नोंदणी, साधी तपासणी, मोठ्या कारखान्याची यादी नको.

सार्डिनिया बेटावरच्या नुओरो गावी तर गोष्ट याहून अवघड. तिथे सु फिलिन्देऊ नावाचा पास्ता होतो. नावाचा अर्थ ‘देवाचे धागे’ असा सांगतात. साहित्य तीनच: गव्हाचा रवा, पाणी, मीठ. सान फ्रांचेस्कोच्या यात्रेला माणसं रात्रभर चालत लुला गावच्या देवळात पोचतात, तिथे मेंढीच्या रश्श्यात हा पास्ता आणि आंबटसर ताजं चीज घालून वाढतात. करणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या काही घरांतच राहिली, आईकडून लेकीकडे गेली. अलीकडे बाहेरच्यांना शिकवायचे प्रयत्न झाले, पण आलेल्यांतले बरेच सोडून गेले. यात बँक काय तारण घेणार?

कणीक खूप वेळ मळायची. हाताला कोरडी वाटली तर पाण्याचा हात, लवचीक राहिली नाही तर मिठाच्या पाण्याचा हात. यापैकी कधी कुठला, ते लिहून ठेवता येत नाही. मग गोळ्याची वळी करायची, दोन्ही टोकं धरून ओढायची, दुमडायची: दोन धागे. पुन्हा ओढायची: चार. आठ. सोळा. ओढताना हात छातीपासून लांब जातात आणि परत येतात, धागा तुटत नाही. आठव्यांदा बाई थांबते. २५६ धागे, आपल्या हातशेवईहून बारीक. गोल विणलेल्या चौकटीवर ती ते ताणून पसरते. त्यावर दुसरा थर आडवा, तिसरा तिरका. चौकट उन्हात ठेवते. वाळल्यावर ते कापडासारखं दिसतं, उन्हाकडे धरलं तर आरपार जाळी. मग हाताने त्याचे तुकडे मोडायचे आणि यात्रेच्या दिवसापर्यंत जपून ठेवायचे.